मधल्या घरातल्या शरयूताई

घर ताब्यात घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी, माझ्या घरातली एक खिडकी हरवली आहे अशी तक्रार करायला मी एजंटला फोन लावत होतो, तेव्हा शरयूताई मला पहिल्यांदा भेटल्या.

हसू नका. मी इंजिनिअर आहे. लुडविग्सहाफेनच्या रसायन कारखान्यांत पाइपलाइनी आखण्यात माझी वीस वर्षं गेली आहेत आणि मोजलेलं जुळलं नाही की मला जेवण जात नाही. बाहेरून दुसऱ्या मजल्यावर तीन खिडक्या दिसत होत्या. आतून दोन. मी जिना चढून मोजल्या, दोन. रस्त्यावर येऊन मोजल्या, तीन. तिसऱ्या फेरीला मी आतल्या भिंतीवर टकटक करून पाहिलं. विकणाऱ्याने एखादी खोली चिणून ठेवली असली तर कळावी म्हणून. चौथ्या फेरीला रस्त्याच्या मधोमध उभा राहून मी मराठीत जे काही बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

"शिव्या चांगल्या आहेत," समोरच्या फुटपाथवरून आवाज आला. "कऱ्हाडच्या की सांगलीच्या?"

"सांगलीच्या," मी म्हणालो आणि मग दचकलो.

लिंडनच्या झाडाखाली एक ठेंगणी म्हातारी बाई उभी होती. पांढरे, कानापर्यंत कापलेले केस, पुरुषी रेनकोट, कॅनव्हासचे बूट आणि हातात घडीची पिवळी लाकडी मोजपट्टी. इकडे तिला त्सोलस्टॉक म्हणतात. ती प्रत्येक जर्मन घरात एक तरी असते, स्वयंपाकघराच्या खणात नाहीतर गॅरेजमध्ये. या बाईंच्या मात्र ती हातातच असायची, दुसऱ्या कुणाच्या हातात छत्री असावी तशी.

"ती तिसरी खिडकी खोटी आहे," त्या म्हणाल्या. "तिच्यामागून धुराड्याची नळी जाते. तिथे नुसती भिंत ठेवली असती तर रांगेचा एक दात पडल्यासारखा दिसला असता. म्हणून विटांचा कोनाडा केला, आत काळी फळी बसवली आणि वर पांढऱ्या पट्ट्या ठोकल्या. पाच नंबरलाही तशीच आहे. जा, बघून ये. आणि फोन ठेव आधी. एजंट जन्मभर सांगत बसेल लोकांना."

मी फोन ठेवला. पाच नंबरची खिडकी बघून आलो. खरंच खोटी होती.

"मी शरयू पटवर्धन. सहा नंबर. तुझी आणि माझी भिंत एकच आहे, तेव्हा घोरत असशील तर आत्ताच सांग."

आमच्या गल्लीचं नाव लिंडेनत्साइले. अकरा घरं खांद्याला खांदा लावून उभी. जुन्या काळी कुणी एक कारखानदार इंग्लंडला यंत्रं बघायला गेला आणि घरं बघून परत आला, अशी कथा आहे. तिकडे जॉर्ज नावाचे राजे एकामागून एक गादीवर बसत होते, त्या काळात बांधलेल्या घरांच्या लांबच लांब रांगा त्याने पाहिल्या आणि इथे आल्यावर आपल्या माणसांसाठी अख्खी वस्ती तशीच आखून घेतली. त्यातली आमची ही एक रांग शिल्लक आहे. प्रत्येक दारापुढे पाच दगडी पायऱ्या, दारावर उघडलेल्या जपानी पंख्यासारखी काच, आणि बरोबर मधल्या, म्हणजे सहा नंबरच्या घरावर त्रिकोणी मुकुट. लांबून पाहिलं तर अकरा घरं दिसतच नाहीत, एक राजवाडा दिसतो.

"एकट्याला परवडत नाही म्हणून अकरा जणांनी मिळून घातलेला मुकुट," शरयूताई म्हणायच्या. "माझ्या डोक्यावर आला हा योगायोग."

योगायोग कसला! शहराच्या नियोजन खात्यात त्यांनी तीस वर्षं नोकरी केली होती, आणि सहा नंबर विकायला निघेल म्हणून त्यातली बरीचशी वर्षं वाट बघितली होती, हे मला पाच नंबरच्या हेर (म्हणजे श्रीयुत) ब्रेनरांनी सांगितलं. त्याच खात्यात बसून ताईंनी आमच्या रांगेची नियमावलीही लिहिली होती. दारांचा हिरवा रंग कुठला, पडदे कुठल्या रंगाचे नकोत, कुंड्या कुठे नकोत, डिश अँटेना स्वप्नातसुद्धा नको. आणि सगळ्यांवर कडी करणारा पहिला नियम: दर्शनी भागावर कोणत्याही एका घराने काहीही जोडायचं नाही.

ताईंचं चरित्र मला फारसं माहीत नाही. सातारा, मग मुंबईत आर्किटेक्चर, मग शिष्यवृत्तीवर जर्मनी. मधे कधीतरी त्या इंग्लंडमधल्या बाथ गावी गेल्या आणि तिथल्या घरांच्या रांगेपुढे इतका वेळ उभ्या राहिल्या की परतीची गाडी चुकली. "यजमान स्टेशनवर वाट बघत होते," त्या सांगायच्या. "लग्नाला तीन आठवडे झाले होते. त्यांना तेव्हाच कळलं आपला नंबर कितवा ते." हे यजमान मी पाहिले नाहीत. भिंतीवरच्या फोटोत ते समजूतदार दिसतात.

ताईंची परीक्षा घ्यायची पद्धत ठरलेली. नवा माणूस भेटला की त्याला समोरच्या फुटपाथवर, त्याच झाडाखाली उभं करायचं आणि विचारायचं, "वरवरच्या खिडक्या लहान लहान होत का जातात?"

मी म्हणालो होतो, "काच वाचवायला."

"इंजिनिअर," त्या म्हणाल्या. ती शिवी होती की पदवी, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, पण त्या दिवसापासून माझं तेच नाव पडलं. "अरे, डोळ्याला फसवायला. खिडक्या लहान होत गेल्या की घर उंच वाटतं. आणि मजल्यांची कामंही ठरलेली. तळमजला लोकांशी नीट वागायला. पहिला मजला मिरवायला, म्हणून तिथल्या खिडक्या सगळ्यांत उंच. दुसरा झोपायला. आणि पोटमाळा नोकरांना. तू ऑफिस कुठे थाटलंस?"

"पोटमाळ्यावर."

"बरोबर आहे," म्हणून त्या निघून गेल्या.

आता कोणी म्हणेल, असली कडक बाई शेजारी म्हणजे शिक्षाच. तर त्यासाठी त्यांचं मागचं अंगण बघायला हवं होतं. समोरून सहा नंबर म्हणजे इस्त्रीचा शर्ट. मागे गेलात की बनियन. पत्र्याची शेड, तीन रंगांच्या दोऱ्या, जुन्या चादरीवर वाळत घातलेले पापड, जुन्या बाथटबमध्ये लावलेली कोथिंबीर, एका भिंतीला आत्ता सुचली म्हणून पाडलेली खिडकी आणि तिच्याखाली पाडायला नको होती असं नंतर वाटलेली दुसरी. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझा चेहरा बघून त्या खूश झाल्या.

"अरे, जॉर्जियन घरांचं हेच तर सगळ्यांत मोठं शहाणपण! समोरची भिंत आधी ठरायची, सगळ्या रांगेची एक. मागे ज्याने त्याने हवा तो गोंधळ घालावा. समोरचं रस्त्याचं, मागचं आपलं. माणसाचंही असंच असावं. तुम्ही पुण्या-मुंबईची माणसं गोंधळ दारात मांडता."

"मी सांगलीचा आहे, ताई."

"मग तुला माफ."

समोरच्या दारात त्या टपालवाल्याशीसुद्धा रेडिओच्या बातम्यांसारखं स्वच्छ जर्मन बोलायच्या. मागच्या अंगणात साताऱ्याची भाषा सुटायची. आमची ईशा तेव्हा नऊ वर्षांची होती. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमध्येच यायचं. ताई मराठीत विचारायच्या, ती जर्मनमध्ये सांगायची, आणि दोघी तासन्‌तास बाथटबच्या काठावर बसून भुईमुगाच्या शेंगा सोलायच्या. दोघींपैकी एकीलाही आपण दोन भाषांत बोलतोय हे लक्षात आलेलं मी कधी पाहिलं नाही.

आता गुढीची गोष्ट.

पहिल्या पाडव्याला माझी बायको मेधा हौसेने भल्या सकाळी उठली आणि पहिल्या मजल्याच्या मधल्या खिडकीतून तिने गुढी उभारली. पैठणीचा जुना पदर, तांब्या, साखरेची गाठी सगळं साग्रसंगीत. कडुलिंब नव्हता, म्हणून फोर्सिथियाची पिवळी फुललेली फांदी. आम्ही फोटो काढायला खाली आलो तर समोरच्या झाडाखाली ताई उभ्या. हात लांब केलेला, हातात त्सोलस्टॉक, एक डोळा मिटलेला.

मेधाने माझा दंड धरला. "अरे, तो पहिला नियम."

"माहितेय."

"काढायला लावतील का रे?"

"पाडव्याला? त्यासुद्धा साताऱ्याच्या आहेत."

ताई रस्ता ओलांडून आल्या. आधी त्यांनी गुढीला नमस्कार केला. मग म्हणाल्या, "सुंदर आहे. पण रांग एका बाजूला कलली."

"म्हणजे काढायची?" मेधाने विचारलं.

"पाडव्याला गुढी काढतात होय? काहीतरीच काय. तोल साधायचा." आणि त्यांनी पाच नंबरची बेल वाजवली.

हेर ब्रेनर म्हणजे निवृत्त रसायनशास्त्रज्ञ, सव्वासहा फूट उंच, विधुर, आणि आवाज असा की साधं गुड मॉर्निंगही शोकसभेतलं वाटावं. ते हातात कॉफीचा कप घेऊन दारात आले. ताईंनी त्यांना पाच मिनिटं जर्मनमध्ये समजावलं. सात नंबरवर, म्हणजे आमच्या घरावर, काठी आहे. मध्यापासून तेवढ्याच अंतरावर पाच नंबर आहे. तेव्हा आता दोनच मार्ग आहेत, आणि त्यातला पहिला धर्मात बसत नाही.

हेर ब्रेनरांनी वर पाहिलं. आमच्या गुढीकडे, मग स्वतःच्या रिकाम्या खिडकीकडे. "आल्झो," ते म्हणाले, म्हणजे आपल्याकडे 'बरं तर' म्हणतो तसं. "काठीची लांबी किती?"

पुढचा अर्धा तास मी जन्मात विसरणार नाही. हेर ब्रेनरांनी पडद्याचा दांडा काढला. तांब्याच्या जागी त्यांच्याकडे तांब्याचंच एक जुनं भांडं निघालं, प्रयोगशाळेतून निरोपाच्या वेळी मिळालेलं. कापड काय लावायचं यावर ते जरा थांबले, आत गेले आणि एक हिरवी रेशमी शाल घेऊन आले. "हेल्गाची," एवढंच म्हणाले. ताईंनी ती शाल स्वतःच्या हाताने निऱ्या करून बांधली आणि त्या वेळी, मी पाहिलं, मोजपट्टी खिशात होती. मग मात्र त्या पुन्हा झाडाखाली जाऊन उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, "ब्रेनर, चार सेंटिमीटर खाली!" सव्वासहा फुटांचा माणूस खिडकीतून अर्धा बाहेर लोंबकळत गुढी चार सेंटिमीटर खाली घेत होता आणि खाली त्यांच्या ओळखीची एक बाई कुत्रा घेऊन तोंड उघडं टाकून बघत उभी होती.

"सण आहे," हेर ब्रेनरांनी वरून तिला सांगितलं. "कोणता ते अजून कळायचं आहे."

साखरेची गाठी त्यांनी संध्याकाळी गुढी उतरवताना अख्खी खाल्ली आणि पुढल्या वर्षी फेब्रुवारीतच येऊन तारीख विचारून गेले. पाडव्याची तारीख दरवर्षी बदलते यावर त्यांचा प्रथम विश्वास बसला नाही. एवढा शिस्तीचा सण आणि तारीख पक्की नाही?

सगळीच प्रकरणं अशी गोड संपत नसत. नंबर दोनच्या फ्राऊ लांग यांनी एका उन्हाळ्यात आपलं दार लाल रंगवलं होतं. सुरेख टोमॅटोसारखं लाल. ताईंनी ते पुन्हा हिरवं करायला लावलं आणि हिरवा चुकला म्हणून परत एकदा. त्यानंतर चार वर्षं फ्राऊ लांग ताईंना बघितलं की रस्त्याची बाजू बदलायच्या. ताई म्हणायच्या, "तिकडूनही आपली रांगच दिसते, जाईल कुठे?"

अशी आमची शेजारात सात वर्षं गेली. मग एका नोव्हेंबरात लिंडनची ओली पानं त्या पाच पायऱ्यांवर साचली आणि ताई तिसऱ्या पायरीवरून खाली आल्या. खुबा मोडला.

मी आणि हेर ब्रेनर धावलो. रस्त्यावर पडलेल्या ताई आभाळाकडे बघत म्हणाल्या, "इंजिनिअर, इथून बघितला की मुकुट फारच छान दिसतो रे." मग डोळे घट्ट मिटून घेतले. अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही.

ऑपरेशन झालं, मग व्यायाम करून घेणाऱ्या रुग्णालयात सहा आठवडे. मुलगा निनाद इंगोलश्टाटहून दर शनिवारी गाडी हाकत येत होता. तो तिकडे मोटारींची दारं डिझाइन करतो. फार चांगला मुलगा, पण आईचाच मुलगा. एका शनिवारी मी भेटायला गेलो तर दोघं मायलेक एकमेकांकडे न बघता बसलेले.

"तुम्हीच सांगा हिला, दादा," निनाद म्हणाला. "डॉक्टर म्हणतात, आत जिन्याला कठडा आहे, ते ठीक. पण बाहेरच्या पायऱ्यांना काहीच नाही. कठडा बसवल्याशिवाय मी हिला त्या घरात जाऊ देणार नाही. कठडा नाहीतर इंगोलश्टाट. माझ्या घराशेजारी फ्लॅट बघून ठेवलाय. तळमजला, एक पायरी नाही."

"मी तो फ्लॅट फोटोत बघितला," ताई मला म्हणाल्या. "आठ मजले, सगळ्या खिडक्या सारख्या. सकाळी उठून मला कळणार कसं मी कुठल्या मजल्यावर आहे?"

"आई, तू तळमजल्यावर असशील!"

"मागच्या बाजूने नाही का येता-जाता येणार?" मी मधे पडलो.

"मागे कोथिंबीर आहे," ताई म्हणाल्या. "आणि मी माझ्या घरात चोरासारखी मागून शिरणार नाही."

"मग कठडा लाव, अगं!" निनाद जवळजवळ ओरडला. "परवानगी मिळेल. आजारपणाचं कारण आहे, कोणीही देईल."

"देतील. का नाही देणार? मी म्हातारी आहे, मोडकी आहे, देतील दयेने." ताईंचा आवाज खाली आला. "अकरा दारं, आणि माझ्या एकटीच्या पायरीला कठडा. तोही बरोबर मधल्या. मी त्या बाईला दोनदा दार रंगवायला लावलं, निनाद. दोनदा. आणि आता माझं अडलं तर नियम वाकवू? गाडीच्या चार दारांची सिमेट्री कळते तुला. आईच्या दाराची कळून घे की." जरा वेळाने त्या म्हणाल्या, "इंगोलश्टाटला येते मी. खोके मागव."

त्या रुसून बोलत असत्या तर मला काही वाटलं नसतं. त्या हिशेब मिटवल्यासारख्या बोलल्या. मी घरी परत आलो तो सुन्न होऊन. सहा नंबरच्या खिडक्यांत दिवा नव्हता, आणि आमची सामाईक भिंत त्या आठवड्यात मला फार गार लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी हेर ब्रेनरांच्या स्वयंपाकघरात बसून सगळं सांगितलं. त्यांनी केकचे दोन तुकडे कापले, मोजून सारखे, आणि बराच वेळ काट्याने एकाशी खेळत बसले.

"माझ्या खिडकीत दरवर्षी एक शाल फडकते," ते म्हणाले. "का?"

"सिमेट्रीसाठी."

"गेनाऊ, अगदी बरोबर. एका घरावर काही आलं तर ते चुकीचं. मग काय करायचं, ते फ्राऊ पटवर्धननीच आपल्याला शिकवलं आहे. काढायचं नाही. दुसऱ्यावरही लावायचं." त्यांनी काटा खाली ठेवला. "अकरा कठडे."

मग मी केक संपवला, दोघांचाही.

पुढले दहा दिवस आम्ही दोघांनी दारं वाजवली. नऊ नंबरवाल्यांना वाटलं आम्ही कुठल्यातरी पंथाचा प्रचार करतोय. दहा नंबरच्या आजोबांनी, मला कठडा कशाला, मी तरुण आहे, म्हणून दहा मिनिटं भांडण केलं आणि सही करायला वाकताना कमरेला हात लावला. अकरा दारांपैकी नऊ सह्या झाल्या, दहावी निनादने आईच्या नावाने केली. उरली एक. नंबर दोन.

फ्राऊ लांगनी आम्हाला आत घेतलं नाही. हिरव्या दारात उभ्या राहून सगळं ऐकून घेतलं.

"माझं लाल दार तुम्ही पाहिलं होतं?" त्यांनी मला विचारलं.

"पाहिलं होतं. सुंदर होतं," मी म्हणालो, आणि ते खरंच होतं.

"ती स्वतःसाठी परवानगी मागतेय?"

"नाही. ती मागत नाहीये, म्हणून तर आम्ही आलोय. ती सामान बांधायला निघाली आहे. तुम्हाला दोनदा दार रंगवायला लावलं, आता स्वतःसाठी नियम वाकवणार नाही म्हणते."

फ्राऊ लांगनी दाराच्या हिरव्या रंगावरून बोट फिरवलं. "दोनदा म्हणाली? मोजून?" मग आत गेल्या. खणात काहीतरी शोधल्याचा आवाज आला. बाहेर आल्या आणि त्यांनी कागदावर ठसठशीत, टोमॅटोसारख्या लाल पेनने सही केली.

वारसा वास्तू सांभाळणाऱ्या कचेरीतल्या बाई अर्ज बघून चकित झाल्या. अकरा घरांनी मिळून एक गोष्ट मागितल्याचं त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. विचार करू म्हणाल्या, पण आधी नीट ड्रॉइंग आणा. मी त्याच आठवड्यात कॉम्प्युटरवर बसून ड्रॉइंग केलं. मला ते फारच आवडलं. मेधाने मात्र एकदा बघितलं आणि म्हणाली, "हे आधी ताईंना दाखव." तिच्या डोक्यात काय चाललंय ते मला तेव्हा कळलं नाही.

मी आणि हेर ब्रेनर रुग्णालयात गेलो. ताई खुर्चीत खिडकीकडे पाठ करून बसल्या होत्या. पलंगाखाली निनादने आणलेल्या खोक्यांची चळत.

"ताई, एक ड्रॉइंग जरा बघता का?" मी कागद पुढे केला. "कशाचं ते विचारू नका."

त्यांनी चष्मा लावला. कागद बघितला. चष्मा काढून पुसला आणि परत बघितला.

"अ‍ॅसिडची टाकी कुठे आहे?"

"टाकी?"

"हा रिअ‍ॅक्टरवर चढायचा कठडा आहे. हा खालचा पत्रा कशाला?"

"पाय घसरला तर खाली जाऊ नये म्हणून. कारखान्यात लागतो."

"आणि हा पिवळा रंग?"

"सुरक्षेचा..."

"इंजिनिअर!" या वेळी ती शिवी होती. "पेन्सिल आण." हेर ब्रेनरांच्या कोटाच्या आतल्या खिशातून पेन्सिल निघाली. आधीपासून टोक काढलेली. ताई माझ्या कागदावरच काढायला लागल्या. बारीक काळी लोखंडी पट्टी, शेवटाला एक छोटं वळण, बस. खालची पायरी काढली. दुसरी काढली. तिसऱ्या पायरीवर पेन्सिल थांबली. पाच दगडी पायऱ्या, त्यांची ती झिजलेली कड, ओळखायला वेळ लागणार होता थोडाच?

"हे माझ्यासाठी आहे?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"अकरा घरांसाठी आहे," मी म्हणालो. "एकच अर्ज आहे."

"नियम आहे..."

"नियम तुमचाच आहे, फ्राऊ पटवर्धन," हेर ब्रेनर त्यांच्या शोकसभेच्या आवाजात म्हणाले. "मी पाठ केला आहे. कोणत्याही एका घराने काही जोडायचं नाही. सगळ्या रांगेने जोडण्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही."

ताईंनी पेन्सिल खाली ठेवली. "लिहायचं सुचलंच नव्हतं," त्या हळूच म्हणाल्या. "अकरा माणसं कशावर एकमत होतील असं मला वाटलं नव्हतं." मग एकदम, "नंबर दोन?"

"लाल पेनने," मी म्हणालो.

आधी त्या हसल्या. मग रडल्या. मग दोन्ही एकत्र. त्यानंतर डोळे पुसून म्हणाल्या, "हा कागद घाण झाला. नवीन दे. आणि तुम्ही दोघं गप्प बसा, इथे एक खरी अडचण आहे. कठडा कुठल्या बाजूला?"

"उजव्या," मी म्हणालो. "बहुतेक माणसं उजव्या हाताने..."

"आणि रांग? अकराही उजवीकडे ठेवले तर सगळी रांग एका कुशीवर झोपल्यासारखी दिसेल." त्यांनी कागदावर भराभर अकरा चौकोन काढले. "डावीकडच्या पाच घरांना एका बाजूला. उजवीकडच्या पाच घरांना त्याच्या उलट, आरशात बघितल्यासारखे. म्हणजे मधलं घर..."

पेन्सिल मधल्या चौकोनावर थांबली.

"मधल्या घराला दोन्हीकडे लागणार," हेर ब्रेनर म्हणाले.

"माझा काही आग्रह नाही," ताई म्हणाल्या. "सिमेट्री आहे. तिला कोण काय करणार?"

दिवस लागले, पण परवानगी मिळाली. फेब्रुवारीत कठडे बसले. निनाद स्वतः आला होता बघायला, त्याने सहा नंबरचे दोन्ही कठडे धरून हलवून पाहिले, मग खोक्यांची चळत गाडीत परत टाकली. ताई घरी आल्या त्या दिवशी फ्राऊ लांग रस्ता ओलांडून सरळ समोर आल्या आणि एक टोपलीभर टोमॅटो देऊन गेल्या. फेब्रुवारीत. कुठून आणले देवाला माहीत.

ताई मात्र कठड्याला हात लावत नव्हत्या. हे त्यांनी जाहीरच करून टाकलं होतं. "ते रांगेसाठी आहेत, माझ्यासाठी नाहीत." आम्ही बघत असलो की त्या काठी टेकत, मान ताठ ठेवून, पाच पायऱ्या मधून चढायच्या, कठडे दोन्हीकडे राजाच्या शिपायांसारखे उभे. मेधा आत दार धरून देवाचं नाव घ्यायची.

त्यानंतर ताई दोन वर्षं त्या घरात राहिल्या. गेल्या जूनमध्ये त्या गेल्या. झोपेतच, दुसऱ्या मजल्यावर, म्हणजे झोपायच्याच मजल्यावर. नियम त्यांनी शेवटपर्यंत मोडला नाही. निनादने ते घर विकलेलं नाही, सुट्टीत येतो आणि मागच्या बाथटबमध्ये कोथिंबीर लावून जातो. पिवळा त्सोलस्टॉक त्याने मला दिला. नवीन कोणी रांगेत राहायला आलं की मी त्याला झाडाखाली उभं करतो.

पण मला ताई आठवतात त्या त्यांच्या शेवटच्या पाडव्याच्या सकाळी.

मी पोटमाळ्यावर, माझ्या नोकराच्या खोलीत, कामाला बसलो होतो. खाली रस्ता रिकामा होता. आमच्या खिडकीत गुढी, पाच नंबरला हिरवी शाल. ताई झाडाखाली उभ्या होत्या, हात लांब करून, एक डोळा मिटून. बराच वेळ बघितलं त्यांनी. काही चुकलं नसावं, कारण कोणालाच हाक मारली नाही. मग त्या रस्ता ओलांडून आपल्या दारापाशी आल्या. डावीकडे बघितलं. उजवीकडे बघितलं. वर बघायचं त्यांना सुचलं नाही.

काठी त्यांनी काखेत मारली. मोजपट्टी कुठे ठेवावी हे क्षणभर कळेना, तेव्हा ती चक्क दातांत धरली. आणि दोन्ही हात पसरून, दोन्ही कठडे घट्ट धरून, एकेक पायरी मोजत, शरयूताई आपल्या राजवाड्यात चढून गेल्या.